हाइडपीआयडी लावलं आणि मॉनिटरिंग आंधळं झालं : /प्रॉक लपवल्यावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी

लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, माहिती /प्रॉक या डिरेक्टरीत दिसते; तिथल्या दुसऱ्यांच्या प्रोसेस लपवणारा पर्याय म्हणजे हाइडपीआयडी. अनेक वापरकर्ते असलेल्या लिनक्स सर्व्हरवर /प्रॉक ला हाइडपीआयडी लावलं की पुढच्या काही दिवसांत येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. झॅबिक्स हे मॉनिटरिंग सांगतं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बंद पडलाय, साइट मात्र धडधडीत चालू असते. एसएसएचने आत शिरताना वीस-पंचवीस सेकंद कर्सर नुसता लुकलुकत राहतो. ज्याला कालपर्यंत एखादी सेवा रीस्टार्ट करता येत होती, त्याला आज परवानगी नाकारली जाते. आणि या सगळ्याच्या उलट तक्रारही येते : एवढं करूनही दुसऱ्याच्या आज्ञा दिसतातच की! मग कुणीतरी वैतागून पर्याय काढून टाकतं, पुढच्या ऑडिटच्या वेळी तो परत लावला जातो आणि तक्रारींचा तोच फेरा नव्याने सुरू होतो.

बहुतेक तक्रारींचं मूळ एका गैरसमजात आहे. विचारणारा रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, आहे का, हे कर्नल (लिनक्सचा गाभा) इथे बघतच नाही. तो वेगळ्याच दोन गोष्टी बघतो. त्या नीट कळल्या की प्रत्येक बिघाड कुठे शोधायचा ते आपोआप कळतं.

आधी लिहिण्याची पद्धत सांगतो. आज्ञा, फायलींची नावं, पर्याय सगळं इथे देवनागरीत लिहिलं आहे. टर्मिनलवर त्यांचं नेहमीचं रोमन रूप टाइप करायचं, आकडेही इंग्रजीच.

पर्याय नेमका करतो काय

लिनक्सवर कुणीही वापरकर्ता 'पीएस ऑक्स' चालवून सर्वांच्या प्रोसेस बघू शकतो, कारण /प्रॉक मधली प्रत्येक पीआयडीची (प्रोसेसच्या क्रमांकाची) डिरेक्टरी आणि तिच्यातल्या सीएमडीलाइन, स्टॅट, स्टेटस या फायली सर्वांना वाचता येतात. पासवर्ड आज्ञेतच लिहायची सवय असलेल्या मंडळींचे पासवर्ड इथूनच बाहेर पडतात. मायएसक्यूएलचा क्लायंट सुरू झाल्या झाल्या स्वतःच्या आज्ञेतला पासवर्ड पुसतो, पण त्याआधीचा एक क्षण उघडा राहतोच. आणि घरी लिहिलेल्या बॅकअप स्क्रिप्टा तर एवढंही करत नाहीत.

३.३ या कर्नलपासून, म्हणजे २०१२ पासून, /प्रॉक माउंट करताना, म्हणजे जागेवर जोडताना, हाइडपीआयडी आणि जीआयडी (गटाचा क्रमांक) असे दोन पर्याय देता येतात. किंमत ० म्हणजे सगळं उघडं. १ म्हणजे पीआयडीच्या डिरेक्टऱ्या यादीत दिसतात, मालक कोण तेही कळतं, पण आतलं काही वाचता येत नाही. २ म्हणजे डिरेक्टरीच दिसत नाही. ५.८ या कर्नलने, २०२० मध्ये, ४ ही किंमत आणली : ज्या प्रोसेसवर पीट्रेस करायचा, म्हणजे तिच्या आत डोकावायचा, हक्क आहे तेवढ्याच दिसतील. त्याच कर्नलपासून आकड्यांऐवजी ऑफ, नोअ‍ॅक्सेस, इनव्हिजिबल, पीट्रेसेबल हे शब्दही चालतात.

शब्द चालतात म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे कायमच्या माउंटांच्या फाइलमध्ये, शब्द लिहू नका. जुन्या कर्नलला ते कळत नाहीत; आकडा दोन्हीकडे चालतो. शिवाय इथे ऑडिटवाल्यांची एक नेहमीची फजिती होते. ५.८ नंतर /प्रॉक/माउंट्स मध्ये तुम्ही लिहिलेला २ दिसत नाही, तिथे 'हाइडपीआयडी=इनव्हिजिबल' असं छापून येतं. 'हाइडपीआयडी=२' हा मजकूर ग्रेपने शोधणारी तपासणी कर्नल अपग्रेडनंतर एकदम लाल होते, सेटिंग मात्र जागेवरच असतं. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर जाताना हे हमखास होतं, कारण पहिल्यात ५.४ आहे आणि दुसऱ्यात ५.१५. तपासणीत दोन्ही रूपं ठेवा.

कर्नल विचारतो ते दोन प्रश्न

किंमत १ किंवा २ असताना एखादी प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसची डिरेक्टरी उघडायला गेली की कर्नल आधी विचारतो : विचारणारा जीआयडी पर्यायात दिलेल्या गटात आहे का? असेल तर दार उघडलं. नसेल तर दुसरा प्रश्न : समोरच्या प्रोसेसवर पीट्रेस-वाचनाचा हक्क आहे का? स्वतःच्याच वापरकर्त्याची प्रोसेस असेल तर सहसा असतो. दुसऱ्याची असेल तर कॅप-सिस-पीट्रेस ही क्षमता (कर्नलने दिलेला सुटा अधिकार) लागते. बस, एवढंच. यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, शून्य (रूटचा) आहे का, हा प्रश्न यात नाही. रूट शेलला सगळं दिसतं ते त्याच्याकडे ती क्षमता असते म्हणून.

आता खाच. जीआयडी दिलाच नाही तर कर्नल तो शून्य धरतो, म्हणजे रूट हा गट. म्हणून नुसतं 'हाइडपीआयडी=२' लावल्यावर रूट गटात चालणाऱ्या सगळ्या सेवा, त्यांची क्षमता काढून घेतलेली असली तरी, पहिल्या प्रश्नातच सुटतात. पण 'जीआयडी=९९०' लिहिलं की ही सवलत रूट गटाकडून ९९० कडे जाते. वाढत नाही, जाते. 'झॅबिक्सला दिसावं म्हणून जीआयडी घातला आणि लॉगिन बिघडलं' या तक्रारीचं उत्तर हेच.

किंमत ४ असेल तर पहिला प्रश्न विचारलाच जात नाही. तिथे जीआयडी लिहिलेला असला तरी त्याचा उपयोग शून्य. ४ लावून गटाने सवलत देऊ पाहणारे बरेच जण इथे अडकतात.

यामा या सुरक्षा-मॉड्यूलच्या पीट्रेस-स्कोप सेटिंगचा याच्याशी संबंध नाही. तो जोडणी करणाऱ्या पीट्रेसला अडवतो, वाचनाला नाही. अ‍ॅपआर्मर आणि एसईलिनक्स ही सुरक्षा-मॉड्यूल मात्र वाचनालाही अडवतात. गट बरोबर असूनही दिसत नसेल तर कर्नल लॉगमध्ये अ‍ॅपआर्मरचा 'डिनाइड' आणि त्याच ओळीत 'ऑपरेशन=पीट्रेस' आहे का ते बघा.

मांडणी

आधी गट. नाव प्रॉकव्ह्यू धरू. 'गेटेंट ग्रूप ९९०' चालवून तो आकडा मोकळा आहे याची खात्री करा आणि मग :

ग्रूपअ‍ॅड -आर -जी ९९० प्रॉकव्ह्यू

रीबूट न करता लगेच लावून बघायला :

माउंट -ओ रीमाउंट,हाइडपीआयडी=२,जीआयडी=९९० /प्रॉक

आणि कायमचं करायला /इटीसी/एफएसटॅब मध्ये ही ओळ :

प्रॉक /प्रॉक प्रॉक नोसुइड,नोडेव्ह,नोएक्झेक,हाइडपीआयडी=२,जीआयडी=९९० ० ०

गटाचं नाव न लिहिता आकडा लिहिलाय तो मुद्दाम. नावाचा आकडा करण्याचं काम माउंट ही आज्ञा करते. कर्नलला आकडाच कळतो. कमी साधनांच्या इमेजमध्ये हा फरक नडतो. सगळ्या मशीनवर आकडा एकच ठेवला तर एफएसटॅबही एकच राहतं.

गटात कुणाला घ्यायचं याबद्दल हात आखडता ठेवा. गटातल्या प्रोसेसला हाइडपीआयडी नसताना सर्वांना जे दिसायचं तेवढंच दिसतं. एन्व्हायरन, मॅप्स यांसारख्या फायलींवर पीट्रेसची वेगळी तपासणी असते आणि ती गटामुळे सुटत नाही. तरीही, माणसांना या गटात घालायचं कारण क्वचितच सापडतं. ज्याला बघायचं आहे त्याला सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, पीएस चालवू द्या.

मॉनिटरिंगला प्रोसेस दिसत नाहीत

सर्वात जास्त येणारी तक्रार ही, म्हणून हिच्यावर जरा जास्त थांबू. झॅबिक्सची 'प्रॉक.नम[एनजिनएक्स]' ही की ० परत करते. नागिऑसचं चेक-प्रॉक्स मोजकेच आकडे सांगतं. एसएनएमपीचा एजंट म्हणतो प्रोसेस कमी आहेत. तिन्हींत एजंट (सर्व्हरवर बसून आकडे गोळा करणारा प्रोग्राम) स्वतःच्या साध्या वापरकर्त्याखाली चालतो, त्याच्याकडे ना गट ना क्षमता.

गटात घालणं हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो तपासताना. 'यूजरमॉड -एजी प्रॉकव्ह्यू झॅबिक्स' केलं, मग 'सुडो -यू झॅबिक्स पीएस ऑक्स' चालवलं, सगळं दिसलं, काम झालं म्हणून फाइल बंद. पण अलार्म येतच राहतात. सुडोने नवी प्रोसेस नव्या गटांसह सुरू केली. चालू असलेला एजंट मात्र सुरू होतानाचेच गट धरून बसलेला असतो. तसंच, रूट शेलमधून 'झॅबिक्स-एजंटडी -टी' ने की चालवून बघितली तर उत्तर बरोबरच येणार, कारण ते उत्तर रूटला मिळालेलं असतं.

म्हणून चालू असलेल्या डीमनलाच, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या त्या प्रोग्रामलाच, विचारायचं. आधी त्याचा पीआयडी :

सिस्टमसीटीएल शो -पी मेनपीआयडी --व्हॅल्यू झॅबिक्स-एजंट

मग रूट म्हणून /प्रॉक/तो-पीआयडी/स्टेटस उघडा आणि दोन ओळी वाचा. 'ग्रूप्स' या ओळीत ९९० आहे का? नसेल तर 'कॅपइफ' या ओळीतला सोळा अंकी आकडा 'कॅपश --डीकोड=' ला देऊन त्यात कॅप-सिस-पीट्रेस आहे का ते बघा. दोन्ही नसेल तर एजंटला दिसणं शक्यच नाही. बाकी कुठे शोधत बसू नका.

दुरुस्ती सिस्टमडीच्या (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये, म्हणजे त्या सेवेच्या सेटिंग फाइलमध्ये, केलेली बरी. 'सिस्टमसीटीएल एडिट झॅबिक्स-एजंट' चालवून :

[सर्व्हिस]
सप्लिमेंटरीग्रूप्स=प्रॉकव्ह्यू

आणि मग रीस्टार्ट. नुसतं डीमन-रीलोड पुरत नाही, चालू प्रोसेसचे गट त्याने बदलत नाहीत. नंतर 'झॅबिक्स-गेट -एस १२७.०.०.१ -के प्रॉक.नम[एनजिनएक्स]' ने खात्री करा. ही आज्ञा चालू एजंटकडूनच उत्तर आणते. एजंटने स्थानिक पत्त्याला परवानगी दिलेली असायला हवी, एवढीच अट.

यूजरमॉडपेक्षा युनिटमधली ओळ बरी, कारण गट फक्त त्या सेवेला मिळतो, त्या वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या बाकीच्या गोष्टींना नाही. पण एक अपवाद आहे. काही डीमन रूट म्हणून सुरू होतात आणि मग स्वतःच वापरकर्ता बदलतात. बदलताना ते गटांची यादी /इटीसी/ग्रूप मधून नव्याने भरतात आणि सिस्टमडीने दिलेला जादा गट गळून पडतो. युनिटमध्ये ओळ असूनही स्टेटसमध्ये ९९० दिसत नसेल तर हेच झालेलं असतं. तिथे यूजरमॉडला पर्याय नाही.

एजंटला थेट कॅप-सिस-पीट्रेस देऊनही काम होतं आणि काही जण तेच करतात. करू नका. प्रोसेसची संख्या मोजायला सर्व प्रोसेसची मेमरी वाचायचा हक्क कशाला? ज्याच्यापासून लपवायला निघालो त्यापेक्षा मोठं भोक पडतं.

लॉगिन अडकतं, 'सिस्टमसीटीएल --यूजर' चालत नाही

दोषी जवळजवळ नेहमी सिस्टमडी-लॉगइनडी, लॉगिनची सत्रं नोंदवणारी सेवा. ही सेवा रूट म्हणून चालते, पण तिच्या युनिटमध्ये क्षमतांची यादी आवळलेली आहे आणि त्या यादीत कॅप-सिस-पीट्रेस नाही. जीआयडी दिलेला नसताना ती रूट गटामुळे सुटायची. जीआयडी=९९० झाल्यावर दोन्ही प्रश्नांना तिचं उत्तर 'नाही'. लॉगिन करणारी प्रोसेस कुणाची ते तिला वाचता येत नाही, सत्र नोंदवलं जात नाही. 'लॉगइनसीटीएल' च्या यादीत तुमचं सत्र नसतं, एक्सडीजी-रनटाइम-डीआयआर हे चल रिकामं असतं. लॉगिनमधला तो ताटकळत ठेवणारा वेळ डी-बसच्या, म्हणजे सेवांमधल्या निरोपांच्या व्यवस्थेच्या, उत्तराची वाट बघण्यात जातो. त्याची नेहमीची मुदत २५ सेकंदांची आहे.

/इटीसी/सिस्टमडी/सिस्टम/सिस्टमडी-लॉगइनडी.सर्व्हिस.डी/ या डिरेक्टरीत हाइडपीआयडी.कॉन्फ नावाची फाइल करा, आत वरच्याच दोन ओळी. मग डीमन-रीलोड आणि लॉगइनडी रीस्टार्ट. मशीनवर ग्राफिकल सत्र चालू असेल तर रीस्टार्टपेक्षा सरळ रीबूट घ्या.

हीच फाइल यूजर@.सर्व्हिस साठीही ठेवायची कल्पना कुणालाही सुचू शकते. ठेवू नका. यूजर@ हा प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतःचा सिस्टमडी. त्याला गट दिला की त्याच्या पोटातून निघणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला तो मिळतो. मग कुणीही 'सिस्टमडी-रन --यूजर --पाइप पीएस ऑक्स' चालवून सगळं बघतो आणि तुमचं हाइडपीआयडी शोभेपुरतं उरतं.

लॉगइनडीसारख्या आणखी सेवा तुमच्याकडे असतील : रूट म्हणून चालणाऱ्या, पण क्षमता आवळलेल्या. संशय आला की 'सिस्टमसीटीएल शो -पी कॅपॅबिलिटीबाउंडिंगसेट' आणि पुढे सेवेचं नाव. यादीत कॅप-सिस-पीट्रेस नसेल आणि सेवा दुसऱ्यांच्या पीआयडी वाचत असेल, तर तिलाही गट लागणार.

पोलकिट नकार देतं

साध्या वापरकर्त्याला कुठली प्रशासकीय कामं करू द्यायची ते पोलकिट ठरवतं. त्याचा नियम जसाच्या तसा आहे, तरी साध्या वापरकर्त्याला सेवा रीस्टार्ट करता येत नाही. परवानगी मागणारी प्रोसेस कुणाची आणि ती कधी सुरू झाली, हे पोलकिटडी /प्रॉक मधून वाचतो. तो पोलकिटडी याच नावाच्या साध्या वापरकर्त्याखाली चालत असेल तर त्याला ते दिसत नाही. आधी पीएसने तो कोणाखाली चालतो ते बघा. काही वितरणांत तो रूट म्हणून चालतो. वर सांगितलेला स्वतःच वापरकर्ता बदलण्याचा प्रकार जुन्या पोलकिटमध्ये होता, त्यामुळे तिथे 'यूजरमॉड -एजी प्रॉकव्ह्यू पोलकिटडी' करून पोलकिट रीस्टार्ट करा. पीकेएक्झेकला, म्हणजे पोलकिटला विचारून आज्ञा रूट म्हणून चालवणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःला यातलं काही लागत नाही. तो सेटयूआयडी रूट आहे, म्हणजे कुणीही चालवला तरी रूट म्हणून चालतो, क्षमता सगळ्या शाबूत.

स्वतःच्याच प्रोसेस गायब

ही तक्रार ऐकून आधी विश्वास बसत नाही, पण ती खरी असते. पीट्रेस-वाचनाचा हक्क फक्त यूआयडी जुळली म्हणून मिळत नाही. गटाचा आयडीही जुळावा लागतो आणि समोरची प्रोसेस 'डम्पेबल' असावी लागते, म्हणजे तिने स्वतःची मेमरी इतरांसाठी बंद केलेली नसावी.

ओपनएसएसएचचा एसएसएच-एजंट ती मुद्दाम बंद करतो, चाव्या सांभाळतो म्हणून. परिणाम असा की हाइडपीआयडी=२ असताना स्वतःचा एसएसएच-एजंट स्वतःलाच पीएसमध्ये दिसत नाही. बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये) 'पीग्रेपने एजंट सापडला नाही तर नवा सुरू कर' अशी ओळ असणाऱ्यांकडे मग प्रत्येक लॉगिनला नवा एजंट उगवतो. महिन्याभराने रूट म्हणून बघितलं की एकेकाच्या नावावर ढीगभर एजंट. पीग्रेप काढा आणि सॉकेट तपासा : 'एसएसएच-अ‍ॅड -एल' चा निकाल २ आला तरच एजंटशी संपर्क नाही, ० किंवा १ आला तर तो जिवंत आहे. सॉकेटची जागा 'एसएसएच-एजंट -ए' ने ठरवून दिली की हा प्रश्न सुटतो.

गटाच्या अटीमुळे होणारी गंमत 'न्यूजीआरपी' नंतर दिसते. न्यूजीआरपीने प्राथमिक गट बदलला की त्या शेलमधून आधीच्या स्वतःच्या प्रोसेस दिसेनाशा होतात. 'माझा जॉब मेला' म्हणून फोन येतो. जॉब मजेत चालू असतो. त्या शेलमधून बाहेर पडलं की परत दिसतो.

पीआयडी फाइल तपासणाऱ्या स्क्रिप्टा

या प्रकारात नुसती गैरसोय होत नाही, नुकसान होतं. पीआयडी फाइलमधला आकडा घ्यायचा आणि /प्रॉक/आकडा ही डिरेक्टरी आहे का बघायची, नसेल तर जुनी प्रोसेस मेली असं धरून लॉक काढायचं : ही पद्धत असंख्य स्क्रिप्टांत आहे. किंमत २ असताना दुसऱ्या वापरकर्त्याची जिवंत प्रोसेसही अशा स्क्रिप्टेला मेलेली वाटते. ती लॉक काढते आणि त्याच डेटावर दुसरी प्रत सुरू करते. 'किल -०' वापरणंही पुरेसं नाही, कारण परवानगी नसली तरी शेलमध्ये ते अपयशच दाखवतं आणि स्क्रिप्ट दोन्हींत फरक करत नाही. खरा उपाय 'एफलॉक', म्हणजे फाइलवर कर्नलकडूनच कुलूप घेणं. स्क्रिप्टा लगेच बदलता येत नसतील तर तोवर किंमत १ ठेवा. तिच्यात डिरेक्टरी दिसत राहते आणि वरची तपासणी चालते. आज्ञा मात्र लपतात, आणि बहुतेकांना तेवढंच हवं असतं.

एखादी स्क्रिप्ट नेमकी कशाने अडते ते एसट्रेसमध्ये (कर्नलकडे केलेल्या मागण्या दाखवणाऱ्या आज्ञेत) दिसतं. किंमत १ असेल तर ईपर्म (परवानगी नाही), २ असेल तर ईनोएंट (असं काही नाहीच).

लावलंय, तरीही दिसतं

पहिली शक्यता : रीबूटनंतर लागलंच नाही. सिस्टमडी /प्रॉक स्वतः, अगदी सुरुवातीला माउंट करतो, तेव्हा एफएसटॅब बघत नाही. तिथले पर्याय नंतर सिस्टमडी-रीमाउंट-एफएस ही सेवा लावते. ती मास्क केलेली किंवा अयशस्वी असेल तर ओळ बरोबर असूनही काही होत नाही. 'सिस्टमसीटीएल स्टेटस सिस्टमडी-रीमाउंट-एफएस' बघा.

दुसरी, आणि जास्त निसटणारी : दुसरं प्रॉक. ५.८ च्या आधी एका पीआयडी नेमस्पेसमधल्या (प्रोसेस-क्रमांकांच्या एका स्वतंत्र कप्प्यातल्या) सगळ्या प्रॉक माउंटांना एकच सेटिंग असायचं. एखाद्या क्रूटमधल्या (वेगळं मूळ मानलेल्या डिरेक्टरीतल्या) प्रॉकला रीमाउंट केलं तरी मुख्य /प्रॉक चं सेटिंग बदलायचं. ५.८ पासून प्रत्येक माउंटचं सेटिंग वेगळं. म्हणजे जुन्या क्रूटमध्ये, एसएफटीपीच्या पिंजऱ्यात किंवा बिल्डच्या डिरेक्टरीत कुणी प्रॉक माउंट करून ठेवलं असेल आणि तिथपर्यंत वापरकर्त्याला जाता येत असेल, तर तिथून सगळं उघडं. 'फाइंडएमएनटी -टी प्रॉक' ने सगळे माउंट एकत्र दिसतात. प्रत्येक ओळीत हाइडपीआयडी हवं.

तिसरी : सिस्टमडी स्वतः सांगतो. साधा वापरकर्ता 'सिस्टमसीटीएल स्टेटस' चालवतो तेव्हा सेवेच्या प्रोसेस आणि त्यांच्या पूर्ण आज्ञा पीआयडी १ कडून डी-बसवरून येतात. वाचणारा पीआयडी १ असल्यामुळे हाइडपीआयडी मध्ये येतच नाही. म्हणून सेवेच्या एक्झेकस्टार्टमध्ये (सुरू करायच्या आज्ञेत) टोकन किंवा पासवर्ड असेल तर या सगळ्या खटाटोपाने तो लपत नाही. तो ६०० परवानगीच्या फाइलमध्ये हलवा किंवा लोडक्रेडेन्शियल ही सिस्टमडीची गुपितं देण्याची सोय वापरा.

चौथी : वापरकर्ते डॉकर गटात आहेत. ज्याला '--पीआयडी=होस्ट' देऊन कंटेनर उभा करता येतो त्याच्यासाठी हाइडपीआयडी नाहीच. डॉकर गट म्हणजे रूट, हे मान्य करूनच पुढे जा.

काही गोष्टी तर मुळातच कक्षेबाहेर आहेत. एखादा पीआयडी अस्तित्वात आहे का हे 'किल -०' च्या त्रुटीवरून कळतं. सीग्रूपच्या फायलींत पीआयडी दिसतात. 'एसएस -टीएनई' मध्ये सॉकेट आणि त्यांच्या मालकांचे यूआयडी दिसतात. हा पर्याय आज्ञा आणि मालक झाकतो, प्रोसेसचं अस्तित्व नाही.

मुळात पूर्ण मशीनला लावावं का?

सिस्टमडी बनवणाऱ्यांना मुख्य /प्रॉक वर हाइडपीआयडी पसंत नाही, आणि वरची यादी वाचल्यावर का ते समजतं. २०२० च्या २४७ आवृत्तीपासून त्यांनी प्रोटेक्टप्रॉक हा सेवानिहाय पर्याय दिला. युनिटमध्ये 'प्रोटेक्टप्रॉक=इनव्हिजिबल' लिहिलं की त्या सेवेला स्वतःचं, झाकलेलं /प्रॉक मिळतं; बाकी मशीन, लॉगइनडी, पोलकिट यांना धक्का लागत नाही. सोबत 'प्रॉकसबसेट=पीआयडी' दिलं की /प्रॉक मधल्या प्रोसेसबाहेरच्या फायलीही जातात, पण सीपीयूइन्फो किंवा मेमइन्फो वाचणारे प्रोग्राम त्याने कोलमडतात; आधी चाचणी घ्या. कर्नल ५.८ पेक्षा जुना असेल तर पर्याय गुपचूप दुर्लक्षिला जातो. सेवा रूट म्हणून चालत असेल तरीही फारसा उपयोग नाही.

वेब सर्व्हर, पीएचपी-एफपीएम, अ‍ॅप्लिकेशनच्या सेवा यांच्यासाठी प्रोटेक्टप्रॉक हेच योग्य. हाइडपीआयडी ठेवा ते जिथे माणसं शेलने आत येतात तिथे : कॉलेजचा लॅब सर्व्हर, संगणन क्लस्टरचा लॉगिन नोड, शेअर्ड होस्टिंग. एकट्याच्या लॅपटॉपवर तर यातलं काहीच नको.

दोन्हींचा मेळ घालायला काही जण एसएसएचच्या युनिटलाच प्रोटेक्टप्रॉक लावतात, म्हणजे एसएसएचने येणाऱ्या सगळ्यांना झाकलेलं /प्रॉक. चालतं. पण त्यामुळे एसएसएच सत्रं वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये जातात आणि प्रशासकाने एसएसएचमधून सुडोने माउंट केलेली डिस्क बाहेरच्या मशीनला दिसतच नाही. डेटाबेस रिकाम्या डिरेक्टरीत लिहायला लागल्यावर हे लक्षात येणं महागात पडतं. प्रशासकांसाठी वेगळ्या पोर्टवर दुसरा एसएसएचडी असेल तरच हा मार्ग घ्या.

मागे घेताना

बदल करताना एक रूट शेल उघडं ठेवा. परत फिरायचं असेल तर :

माउंट -ओ रीमाउंट,हाइडपीआयडी=०,जीआयडी=० /प्रॉक

दोन्ही किंमती लिहा. आज्ञेतून नुसता पर्याय वगळला तर जुनी किंमत तशीच राहते, आणि जीआयडी ९९० वर राहिला तर पुढच्या वेळी कुणी फक्त हाइडपीआयडी=२ लावल्यावर लॉगइनडी पुन्हा बाहेर पडेल. एफएसटॅबची ओळ काढायला विसरलात तर रीबूटनंतर सगळं परत येईल. एसएसएचचं लॉगिनच अडकलं असेल तर कन्सोलवरून रूट म्हणून आत या. सत्राची नोंद व्हायला वेळ लागेल, पण शेल मिळतं, आणि त्या शेलमधून /प्रॉक पूर्ण दिसतं.